वनाची हद्द आणि शेताचा बांध

दोन शेतकऱ्यांची शेते एकमेकांस लागून असली म्हणजे हद्दीवर दोघांचीही नजर असते. दोघेही दरवर्षी नांगर धरतात, दोघेही बांधावरचे गवत कापतात, आणि हद्दीचा दगड हलला तर तो चार दिवसांत कोणाच्या तरी ध्यानात येतो. ज्याचे शेत वनाला लागून आहे त्याची स्थिती याहून निराळी असते. त्याचा शेजारी प्रत्यक्ष सरकार असते. हा शेजारी रोज बांधावर येत नाही. त्याचे दप्तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असते, आणि त्याच्या वतीने हद्द राखणारा वनरक्षक काही वर्षांनी बदलून जातो. अशा हद्दीवरचा बुरूज पावसाने ढासळतो, दगड करवंदीच्या जाळीत दिसेनासा होतो, आणि वीस-पंचवीस वर्षांत हद्द केवळ जुन्या माणसांच्या आठवणीत उरते.

पुढे एखाद्या वर्षी शेतकरी बांधालगत विहीर खणू लागतो किंवा काजूची कलमे लावतो, आणि वनरक्षक येऊन काम थांबवतो. कधी याच्या उलट घडते. वनखात्याचे मजूर रोपवनासाठी चर खणू लागतात आणि तो चर शेतकऱ्याच्या पेरलेल्या वावरातून जातो. दोन्ही प्रसंगी शब्दाने शब्द वाढतो, पंचनामा होतो, अपराधाची नोंद होते, आणि ज्या प्रश्नाचा उलगडा साखळी व टिपण घेऊन एका दिवसात झाला असता तो कित्येक वर्षे कचेऱ्यांतून फिरत राहतो. याचे कारण बहुधा एकच असते. हद्द भांडणाच्या दिवशी शोधली जाते, भांडण होण्यापूर्वी शोधली जात नाही. म्हणून वनालगतच्या प्रत्येक गावाने आपली हद्द शांततेच्या काळातच, दोन्ही पक्षांच्या समक्ष, मोजून व खुणा रोवून कायम करून घेणे हे विहिरीइतकेच अगत्याचे शेतीकाम समजले पाहिजे.

तंटा कशाचा आहे?

हद्दीचा तंटा या एका नावाखाली तीन निरनिराळे प्रश्न एकत्र मिसळतात. पहिला प्रश्न असा की, हद्दीची रेघ जमिनीवर नेमकी कोठून जाते? हा मोजणीचा प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा की, रेघेच्या अलीकडची किंवा पलीकडची जमीन कोणाच्या मालकीची? हा अभिलेखाचा व कायद्याचा प्रश्न आहे. तिसरा प्रश्न असा की, वनातून जाणारी बैलगाडीची वाट, गुरांचे पाणी किंवा चराई यांवर गावकऱ्यांचा कोणता अधिकार आहे? हा वापराचा प्रश्न आहे.

तिन्ही प्रश्नांची दारे वेगवेगळी आहेत. मोजणीचा प्रश्न भूमि अभिलेख खात्याकडे न्यावा लागतो. मालकीचा प्रश्न महसूल अधिकाऱ्यापुढे, वन व्यवस्थापन अधिकाऱ्यापुढे, वनहक्क समितीपुढे किंवा न्यायालयापुढे जातो. वापराच्या प्रश्नासाठी वन राखीव करताना झालेल्या चौकशीचे कागद पाहावे लागतात. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे राखीव वनातील वाट किंवा पाण्याचा प्रवाह बंद करावयाचा झाल्यास राज्य शासनाची पूर्वमंजुरी लागते आणि त्याऐवजी दुसरी सोयीची वाट आधी उपलब्ध असावी लागते. हे ज्याला ठाऊक नाही तो वाटेसाठी मोजणीचा अर्ज करतो. आणि ज्याची मालकीच वादात आहे तो दोनदा मोजणी करूनही होता तेथेच राहतो. शेतकऱ्यांचा सर्वांत जास्त पैसा व वेळ चुकीच्या दारात उभे राहण्यात जातो. म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला ग्रामकार्यकर्त्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: “तंटा रेघेचा आहे, हक्काचा आहे, की वापराचा?”

रेघ पुसट का होते?

महसूल खात्याची पद्धतशीर मोजणी पश्चिम महाराष्ट्रात १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली. त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची असून तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर, हा हिशेब शेतकऱ्यांच्या तोंडी आजही आहे. प्रत्येक सर्व्हे नंबराची मापे टिपणात लिहिली गेली आणि त्यांवरून गावनकाशा तयार झाला.

वनाची हद्द मात्र दुसऱ्या वाटेने आली. वन राखीव करण्याचा विचार प्रथम जाहीर करणाऱ्या कलम ४ च्या अधिसूचनेत रस्ते, नद्या, डोंगराच्या धारा अशा सहज ओळखू येणाऱ्या खुणांनी हद्द सांगितली तरी कायद्याला ते पुरेसे वाटते. चौकशी संपल्यावर निघणाऱ्या कलम २० च्या अधिसूचनेत मात्र ती उभारलेल्या खुणांवरून किंवा अन्य रीतीने निश्चित करून सांगावी लागते. नाल्याने पात्र बदलले, गाडीवाट सरकली किंवा खूण नाहीशी झाली म्हणजे कागद तोच राहतो आणि जमिनीवरची ओळख बदलते. काही गावांत कलम ४ ची अधिसूचना निघाली, पण कलम २० ची अखेरची अधिसूचना पुढे निघालीच नाही. तेथे चौकशी पूर्ण झाली होती की नाही, येथूनच वादाला आरंभ होतो.

यात आणखी एक अडचण पडते. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्याखाली पुष्कळ गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या राजपत्रात वनाची नोंद सर्व्हे नंबराने आहे आणि शेतकऱ्याच्या हाती असलेल्या सातबारावर गट नंबर आहे. दोघांचा मेळ घालणारा तक्ता पाहिल्याशिवाय कोणी कोणाच्या जमिनीत शिरले हे सांगणे म्हणजे अंधारात बोट दाखवणे होय.

नकाशावर बोट ठेवून हद्द सांगण्याची सवयही धोक्याची आहे. समजा, एखादा नकाशा एका इंचास एक फर्लांग, म्हणजे सुमारे २०१ मीटर, या प्रमाणावर काढला आहे आणि त्यावरील शाईची रेघ अर्धा मिलिमीटर जाड आहे. ती रेघ जमिनीवर सुमारे ४ मीटर रुंद होते. ज्या शेतकऱ्याचा बांध एक फर्लांगभर वनाला लागून आहे, त्याच्यापुरती नुसत्या शाईखाली जवळजवळ आठ गुंठे जमीन झाकली जाते. म्हणून हद्द नकाशाच्या रेघेवरून न ठरवता टिपणातील आकड्यांवरून ठरवावी. मोबाईलवर उपग्रहाच्या चित्रावर दिसणाऱ्या रेघेलाही हीच सावधगिरी लागू आहे. साध्या मोबाईलचे स्थान मोकळ्या रानातही काही मीटर चुकते आणि झाडीत त्याहून अधिक चुकते. अशी रेघ माहितीपुरती पाहावी. तिच्यावर विसंबून कुंपण घालू नये आणि कोणावर गुन्हाही नोंदवू नये.

जाळरेषा आणि चर यांबद्दलही गैरसमज आहे. वणवा पसरू नये म्हणून वनखाते जी पट्टी साफ करते ती जाळरेषा. गुरे आत येऊ नयेत म्हणून जो खणतात तो चर. दोन्ही कामे सोयीची जागा पाहून होतात, त्यामुळे ती नेहमी हद्दीवरच असतील असे नाही. चर वनाच्या आतून गेला म्हणून चरापर्यंतची जमीन शेतकऱ्याची होत नाही; आणि चर शेतातून गेला म्हणून तेवढी जमीन वनाची होत नाही.

हक्काचा प्रश्न

रेघ सापडली तरी हक्काचा प्रश्न उरतोच, अशी उदाहरणे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. ३० ऑगस्ट १९७५ रोजी महाराष्ट्र खाजगी वने संपादन अधिनियम अंमलात आला आणि खाजगी वने राज्य शासनाकडे निहित झाली. वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली ज्यांना पूर्वी नोटीस दिली गेली होती त्या जमिनीही त्यात मोडल्या. कोकणात व अन्यत्र कित्येक सातबारांवर याच कारणाने वनाची नोंद आली. लहान धारकांना झळ पोचू नये म्हणून, एकूण जमीन १२ हेक्टरांहून कमी झाली असल्यास तेवढ्या मर्यादेपर्यंत जमीन परत करण्याची तरतूद पुढे कलम २२अ मध्ये झाली. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, अशी नोटीस केवळ निघाली असणे पुरेसे नाही; ती धारकाला बजावली गेली पाहिजे, त्याला म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, आणि अनेक वर्षे पडून राहिलेल्या नोटिशीचा आधार घेता येणार नाही. ज्या शेतकऱ्याच्या सातबारावर अशी नोंद आहे त्याने नोंदीचा फेरफार क्रमांक, नोटिशीची तारीख आणि ती बजावल्याचा कागद या तीन गोष्टींचा शोध प्रथम घ्यावा. त्या हाती नसताना मोजणी मागण्यात अर्थ नाही.

पूर्व विदर्भात झुडपी जंगलाचे उदाहरण आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील महसुली दप्तरात पडीक, खुरट्या झुडपांच्या जमिनींना हे नाव पडले होते. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वन या शब्दाचा व्यापक अर्थ लावला, तेव्हा या जमिनी वन समजाव्यात की नाहीत हा प्रश्न उभा राहिला. २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने त्या वनजमीन असल्याचा निर्णय दिला आणि १९९६ च्या आदेशापूर्वी झालेल्या वाटपांसाठी केंद्र शासनाच्या मंजुरीची वाट ठेवली. दप्तरातील एका शब्दामुळे घरे, शाळा व शेते जवळजवळ तीन दशके अनिश्चिततेत राहिली.

वनात पिढ्यान्‌पिढ्या राहून कसणाऱ्यांसाठी २००६ चा वनहक्क अधिनियम आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या जमिनीवर अनुसूचित जमातींच्या वननिवासींचा, आणि त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षे तेथे राहिलेल्या इतर पारंपरिक वननिवासींचा, जास्तीत जास्त ४ हेक्टरांपर्यंत हक्क मान्य होऊ शकतो. वादग्रस्त जमिनी आणि शासनाने पूर्वी दिलेले पट्टे यांवरील हक्कही या कायद्याच्या कक्षेत येतात. दाव्याचा आरंभ ग्रामसभेपासून होतो आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत दावेदाराला जमिनीवरून काढता येत नाही. हा मार्ग ज्याला लागू आहे त्याला केवळ अतिक्रमक म्हणणे अन्यायाचे आहे. परंतु खाजगी सातबाराच्या आधारे शेजारची चार गुंठे वनजमीन नांगराखाली आणणाऱ्याने या कायद्याची ढाल पुढे करणे हेही तितकेच अयोग्य आहे.

मोजणी कशी व्हावी?

ज्या तंट्यात केवळ रेघेचा प्रश्न आहे, तेथे उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे महसूल, भूमि अभिलेख व वन या तिन्ही खात्यांच्या समक्ष होणारी संयुक्त मोजणी. तिची तयारी मोजणीच्या दिवसापूर्वीच पूर्ण झाली पाहिजे. शेतकऱ्याने सातबारा, फेरफार, टिपण, फाळणी नकाशा आणि गटाचा नकाशा मिळवावा. वनाच्या बाजूने राजपत्रातील अधिसूचना, कक्षाचा नकाशा आणि हद्दीच्या बुरुजांची नोंद मागवावी. हद्द कायम मोजणीचा अर्ज उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे करताना त्यात वनखाते लगतधारक म्हणून स्पष्ट दाखवावे आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यास लेखी सूचना पोचल्याची पोच घ्यावी. वनखाते हजर नसताना झालेली मोजणी पुढे वनखाते मानत नाही, आणि शेतकऱ्याची फी व दिवस दोन्ही वाया जातात. वनखात्याने एकट्याने केलेल्या मोजणीलाही हाच न्याय लागू पडतो.

मोजणीचा आरंभ वादातल्या कोपऱ्यापासून करू नये. ज्या खुणा दोन्ही पक्ष निर्विवाद मानतात तेथून करावा: तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, जुनी विहीर, न हललेला बुरूज. आज मोजणी इलेक्ट्रॉनिक यंत्राने व उपग्रहाच्या आधाराने चालणाऱ्या रोव्हरने होते आणि तिची अचूकता मोठी आहे. तथापि यंत्र जेथून सुरुवात करते तो बिंदूच चुकीचा असेल तर यंत्र ती चूकच अचूकपणे मोजते. रेघ ठरताच त्याच दिवशी, सर्वांच्या डोळ्यांदेखत दगड रोवावेत. पंचनाम्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत शेतकऱ्याने जपून ठेवावी आणि तिची एक नक्कल ग्रामपंचायतीच्या दप्तरात असावी. मोजणी मान्य नसल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते. दगड उपटणे हा त्यावरचा उपाय नव्हे. वनाच्या हद्दीची खूण हलवणे वा नष्ट करणे हा वन अधिनियमाच्या कलम ६३ खाली कैदेस पात्र अपराध आहे.

या कामास रान मोकळे असते तो पिके निघाल्यानंतरचा, पावसाळ्यापूर्वीचा काळ योग्य होय. निर्णय लागेपर्यंत वादाच्या पट्ट्यात कोणीही नवे काम करू नये. शेतकऱ्याने तेथे नांगर घालू नये, राब भाजू नये, झाड तोडू नये. वनखात्याने तेथे चर खणू नये, रोपे लावू नयेत. एका हंगामाचा संयम दहा वर्षांच्या दाव्यापेक्षा स्वस्त पडतो.

जबाबदारी दोन्ही बाजूंची

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४० प्रमाणे आपल्या जमिनीच्या हद्दीच्या खुणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी प्रत्येक धारकावर आहे. हा नियम शेतकऱ्याला सांगितला जातो आणि तो सांगितलाही पाहिजे. परंतु शेजारी म्हणून सरकारनेही तोच नियम स्वतःला लावून घेतला पाहिजे. वनाचा बुरूज दहा वर्षे ढासळलेला राहिला असेल, तर अकराव्या वर्षी त्या जागी नांगर गेल्याचा सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे उचित ठरत नाही. वनरक्षकाने वर्षातून एकदा, गावातील दोन जाणत्या माणसांना व लगतच्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन, आपल्या नियतक्षेत्राची हद्द पायी फिरावी. कोणता बुरूज शाबूत आहे, कोणता पडला आहे, याची नोंद करून ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. यास खर्च जवळजवळ नाही. जी हद्द दरवर्षी दहा माणसांच्या पायांखालून जाते ती कोणी चोरू शकत नाही.

मोजणीच्या फीबाबतही विचार व्हावा. शेतकऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी मोजणी मागितली तर फी त्याने भरावी हे रास्त आहे. पण जेथे महसूल खात्याचे दप्तर एक सांगते आणि वनखात्याचे दुसरे, तेथे संशय सरकारच्याच दोन कपाटांतून निर्माण झाला आहे. तो दूर करण्याचा भार तीन एकरांच्या धारकावर टाकणे न्यायाचे नाही. अशी गावे निवडून तेथील वनहद्द शासनाने आपल्या खर्चाने, एका गावाची एकाच वेळी, मोजून द्यावी. एकेका शेतकऱ्याच्या तक्रारीमागून धावण्यापेक्षा सरकारच्याही दृष्टीने हे काटकसरीचे आहे.

मोजणीस पुष्कळ शेतकरी बिचकतात, कारण आजोबांच्या काळापासून कसलेली पट्टी मोजणीत वनाकडे निघाली तर काय करावे, अशी त्यांना धास्ती असते. ही भीती खोटी नाही. काही जणांच्या बाबतीत तसे घडेलही. परंतु पट्टी वनाची असेल तर न मोजल्याने ती शेतकऱ्याची होत नाही. फक्त तिच्यावर विहीर खणली जाते, कलमे वाढतात, कर्ज निघते, आणि मग एके दिवशी ते सारे एकदम संकटात सापडते. आज मोजले तर चार गुंठे जातील. दहा वर्षांनी मोजले तर चार गुंठ्यांबरोबर विहीरही जाईल. ज्याचा हक्क खरोखर आहे त्याला मोजणी म्हणजे आधारच आहे. कारण त्याच्या शेतात पुन्हा कोणी चर खणू शकणार नाही.

वनाची जमीन कोणा एकाची नसते. तिच्यातून गावाच्या ओढ्याला पाणी येते, गुरांना चारा मिळतो, घराला वासे व सरपण मिळते. एका घराने तिचा एक पट्टा बळकावला तर तोटा गावाच्या सर्व घरांचा होतो. आणि वनाच्या नावाखाली एका शेतकऱ्याची जमीन अन्यायाने गेली तर वनाबद्दलची आस्था सगळ्या गावाच्या मनातून जाते. दोन्ही तोटे टाळण्याचे साधन साधेच आहे. ग्रामकार्यकर्त्यांनी आपल्या गावातील वनालगतच्या खातेदारांची यादी करावी, कोणत्या हद्दीवर खुणा शिल्लक नाहीत ते पाहावे आणि ही यादी ग्रामसभेपुढे ठेवून संयुक्त मोजणीचा ठराव घ्यावा. पुढील हंगामाचा पहिला नांगर निघण्यापूर्वी हे काम उरकले, तर त्या बांधावरची पुढील पिढीची भांडणे आपोआप मिटतील.